मुखपृष्ठ कोणाचे

३ तारीख, सोमवार

आज पुन्हा माझे दोन्ही नमुने पडले. ते पाडण्यासाठीच केले होते हे मला मान्य आहे. पण पाडायचीही काही रीत असते की नाही?

आमच्या दुकानाची पद्धत एकदा नीट लिहून ठेवतो. दुकान ताईच्या यजमानांचे, म्हणजे माझ्या भाऊजींचे. पाट्या, वेबसाइट, पुस्तकांची मुखपृष्ठे, ज्याला जे हवे ते करतो. कुठले अक्षर शोभेल हे गिऱ्हाइकाला आम्हीच सांगायचे, पण आम्ही सांगितले असे त्याला वाटू द्यायचे नाही. म्हणून तीन नमुने मांडायचे. एक भाऊजींचा, तो खरा. उरलेले दोन म्हणजे बुजगावणी. ती पाहून गिऱ्हाईक दचकते आणि आपणहून खऱ्याकडे पळते. वर घरी जाऊन सांगते, मीच निवडले.

बुजगावणी मी करतो. शिक्षण अर्धवट सोडून ताईकडे राहायला आलो तेव्हापासून हेच करतो.

वाईट अक्षर मुद्दाम करायला किती कष्ट पडतात हे कोणाला कळणार? आज सायकलवाल्याच्या वेबसाइटसाठी एक साधे, मोकळे अक्षर लावले. फोनवर लहान झाले तरी जोडाक्षरे एकमेकांना चिकटत नव्हती. भाऊजींनी मागून येऊन पाहिले आणि म्हणाले, "मेहुणेबुवा, तुम्ही बुजगावणं करताय की नवरदेव? थोडं बिघडवा."

मग मी बिघडवले. स्वतःच्या हाताने सगळे उकार वाकडे केले. दुपारचे जेवण गेले नाही.

शिवाय सायकलवाल्याने 'दुरुस्ती'तला पहिला उकार दीर्घ लिहिला होता. मी ऱ्हस्व केला तर म्हणाला, "आमच्याकडे असाच लिहितात." आमच्याकडे! भाषा काय याच्या सायकलची घंटी आहे, हवी तशी वाजवायला?

६ तारीख, गुरुवार

एक बाई आल्या होत्या. मोठ्या रुग्णालयात मेट्रन, म्हणजे मुख्य परिचारिका होत्या, आता निवृत्त. रुग्णांच्या आठवणींचे पुस्तक लिहिले आहे. नाव 'उशाशी'. मी लगेच तपासले. उकार, काना, वेलांटी, सगळे बरोबर. बरे वाटले.

मेट्रनबाई कमी बोलतात आणि समोरच्याचे बोलणे संपेपर्यंत थांबतात. भाऊजींना याची सवय नाही. त्यांचे बोलणे कोणी थांबून ऐकले की ते संपवायचे कसे हे त्यांना कळत नाही. ब्रँड, ठसा, बाजार असे बराच वेळ चालले. शेवटी बाई म्हणाल्या, "माझ्या मैत्रिणींना मोतीबिंदू आहेत. त्यांना वाचता आलं पाहिजे. आणि अक्षराने ओरडायचं नाही. वॉर्डात कोणी ओरडत नाही."

मग जाता जाता म्हणाल्या, "मुखपृष्ठ ज्याने केलं त्याचं नाव आत छापणार मी."

भाऊजी हसून म्हणाले, "दुकानाचं नाव टाका की."

"नाही. आमच्याकडे औषध ज्याने दिलं त्यानेच सही करायची. वॉर्डाची सही नसते."

भाऊजींनी मान डोलावली आणि खिशातून आपले कार्ड काढून दिले. नाव नीट लिहिता यावे म्हणून! अजून एक रेघ काढलेली नाही आणि सहीची तयारी झाली. याला म्हणतात बाजारात तुरी.

मी ठरवले आहे. या वेळी बुजगावणे करणार नाही. असे अक्षर करीन की बाईंना दुसरीकडे बघायची इच्छाच होणार नाही.

९ तारीख, रविवार

दिवसभर बसलो. 'उ', 'शा' आणि 'शी' यांत समान अंतर हवे. पाच वेळा मोजले, पाचही वेळा वेगळे आले, मग पट्टीच बदलली. आता छान झाले आहे. शिरोरेषा सरळ, जाड, कुठेही हेलकावा नाही. कपाळाला आठी नसलेले अक्षर.

घरात मात्र कोणाला कशाचे पडलेले नाही. भाऊजी सकाळीच मित्रांकडे पत्ते खेळायला गेले. ताई स्वयंपाकघरातल्या टेबलावर लॅपटॉप घेऊन बसली होती. धुतलेले कपडे मशीनमध्ये तसेच पडले होते आणि जेवणाचा पत्ता नव्हता. मी दोनदा डोकावलो. दुसऱ्यांदा तिने लॅपटॉप अर्धा मिटला आणि म्हणाली, "घरखर्चाचा हिशोब करतेय रे. भूक लागली असेल तर ब्रेड आहे."

तीन माणसांच्या घराला एवढा कसला हिशोब? मी ब्रेड खाल्ला. राग आला होता म्हणून लोणी लावले नाही.

१० तारीख, सोमवार

भाऊजींचा नमुना सकाळी तयार! म्हणाले, "काल बसून केलं." काल? काल तर ते पत्ते खेळत होते. एका हातात पत्ते आणि दुसऱ्या हाताने अक्षरे काढत असतील. माणूस हुशार आहे, मानावेच लागेल. म्हणूनच जास्त राग येतो.

तीनही नमुने मांडले. मेट्रनबाईंनी ते टेबलावरून उचलून भिंतीला टेकवून जमिनीवर ठेवले, चष्मा काढला आणि दारापर्यंत मागे गेल्या. दुकानात असे आजवर कोणी केले नव्हते. तिसरा, म्हणजे आकडा भरायला मी ठेवलेले एक जुने बुजगावणे, त्यांनी पायाने हळूच बाजूला सरकवला. उरले दोन. माझा आणि भाऊजींचा.

माझा!

माझ्या नमुन्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "हा सभ्य आहे." मग भाऊजींच्या नमुन्यापाशी उकिडव्या बसल्या आणि कितीतरी वेळ पाहत राहिल्या. "याच्यात काहीतरी आहे. पण रेघ बारीक वाटते. आत्ता इथेच थोडी जाड करून दाखवता का?"

हे दोन मिनिटांचे काम. माझ्यासारख्यालाही येते. पण भाऊजी म्हणाले, कॉम्प्युटर अपडेट होतोय. मी म्हणालो, "नाही होत, मी आत्ताच—" तर त्यांनी माझ्या पायावर पाय दिला. एवढा गर्व! गिऱ्हाइकाच्या सांगण्यावरून आपली रेघ हलवणे यांना कमीपणाचे वाटते. बाई दोन्ही नमुने घेऊन घरी गेल्या. म्हणाल्या, पाहून सांगते.

११ तारीख, मंगळवार

आज जेवताना मनातले सगळे ओकून टाकले. भाऊजी घरी नव्हते. ताईला विचारले, "तू पाहिलास त्यांचा नमुना?"

"पाहिला असेन. का?"

"अगं, मांडवातला सनईवालाही याहून बरी अक्षरं काढेल. शिरोरेषा एवढी बारीक की पुस्तकाचं चित्र वेबसाइटवर लहान झालं तर ती नाहीशीच होते. अक्षरं दोरी तुटलेल्या कपड्यांसारखी लोंबतात."

ताईने घास खाली ठेवला. "आणि?"

"आणि 'श'च्या पोटातली मोकळी जागा बुजते. मोतीबिंदूवाल्या बायांनी वाचायचं कसं?"

"हं. हे बरोबर आहे."

"आणि सगळ्यात कहर म्हणजे वेलांटी! 'शी'ची वेलांटी आपल्या अक्षरावर थांबत नाही. मागे जाऊन शेजारच्या 'शा'वर वाकते. वेलांटीने आपल्या अक्षरापुरतं पाहावं. शेजाऱ्याच्या डोक्यावर छत्री धरायचं तिला काय कारण?"

ताई उठून ताट धुवायला गेली. अर्धे जेवण ताटात तसेच होते. नवऱ्यावर टीका केलेली आवडली नसेल. पण खरे ते खरे. तिने चित्रकलेचे शिक्षण घेतले होते म्हणून तरी मला वाटले होते की ती समजून घेईल. अर्थात आई आजारी पडली तेव्हा शेवटच्या वर्षी तिने ते सोडले. आता तिला यातले काय आठवत असणार?

१३ तारीख, गुरुवार

विश्वासघात! माझ्या घरात, माझ्याच ताटाशेजारी!

भाऊजी सकाळी सुधारलेला नमुना घेऊन आले. शिरोरेषा जाड झालेली. 'श'चे पोट मोकळे झालेले. मी मंगळवारी जेवताना जे जे बोललो ते ते, शब्दाला शब्द. फक्त वेलांटी तशीच. उलट आणखी वाकलेली. मला खिजवायला.

त्या वेळी घरात दोघेच होतो, मी आणि ताई. म्हणजे तिने नवऱ्याला सांगितले. घरचा भेदी म्हणतात तो असा. मी तिच्याशी बोलणे बंद केले आहे. संध्याकाळी तिने विचारले, "चहा?" मी मान हलवली. हो म्हणूनच हलवली, पण बोललो नाही.

१५ तारीख, शनिवार

बाईंनी सुधारलेला नमुना निवडला. अर्थात! तो माझ्या अकलेवर उभा आहे ना.

भाऊजींना म्हणालो, "यातल्या दोन सुधारणा माझ्या आहेत. आतल्या पानावर माझंही नाव पाहिजे."

ते फोनवर बोटे फिरवत होते. वर न बघताच म्हणाले, "मेहुणेबुवा, बुजगावण्याला पिकात वाटा मागताना कधी पाहिलंय?"

"मी बुजगावणं नाही."

"मग काय आहात?"

आता लिहिताना तीन उत्तरे सुचली आहेत, तिन्ही उत्तम. पण उपयोग काय?

त्यांनी आतल्या पानाचा मजकूर मला लावायला दिला. 'मुखपृष्ठ' आणि खाली त्यांचे नाव, मधले नाव, आडनाव. मी लावले. बाईंकडे पाठवले. अंतर मात्र बरोबर ठेवले.

१७ तारीख, सोमवार

बाईंनी ते पान परत पाठवले. बाकी पुस्तक छापायला गेले आहे, हे एक पान अडवून ठेवले आहे. भाऊजींना फोनवर विचारले म्हणे, की शेवटची वेलांटी अशी का काढली? भाऊजी म्हणाले, "सध्या तीच फॅशन आहे, मॅडम." बाई म्हणाल्या, "मग थांबते मी."

भाऊजी दिवसभर धुसफुसत होते. "म्हातारीला वेलांटीत काय भूत दिसलं?" मी मनात म्हणालो, दिसले असेल. खोटेपणाचे. मी उद्या बाईंच्या घरी जाणार आणि सरळ सांगणार.

१८ तारीख, मंगळवार

गेलो. घरी 'दुकानात निघालो' असे सांगून उलट्या रस्त्याने गेलो.

बाईंची खोली अगदी नीटनेटकी. पलंगाच्या चादरीला चारही कोपऱ्यांत सारख्या घड्या. मला त्या खोलीत फार बरे वाटले. त्यांनी मला खुर्ची दिली, माझे सगळे ऐकून घेतले, मध्ये एकदाही बोलल्या नाहीत. मी शिरोरेषा सांगितली, 'श'चे पोट सांगितले, बुजगावण्यांची पद्धतसुद्धा सांगून टाकली. म्हणालो, "अर्धं काम माझं आहे. जास्तच, पण मी अर्धंच म्हणतो."

मुखपृष्ठ टेबलावर होते. त्यांनी वेलांटीवर बोट ठेवले. "आणि ही?"

"ती चूक आहे," मी म्हणालो. "मी तेव्हाच सांगितलं होतं."

"चूक."

"स्पष्ट चूक. वेलांटीचं काम आपल्या अक्षरापुरतं."

बाई हसल्या. मला हसल्या असे नाही, पण हसल्या. "तुमचे भाऊजी म्हणतात फॅशन. तुम्ही म्हणता चूक. म्हणजे तुमच्या दोघांपैकी कोणीच हे केलेलं नाही."

मी विचारले, "मग कोणी केलं?"

"जो कोणाच्या तरी उशाशी पुष्कळ बसलाय त्याने. माणूस हळू बोलायला लागला की ऐकणारा असा वाकतो. पाठ दुखते, पण सरळ होत नाही. नोकरीत रोज बघितलंय मी." मग एकदम कामाच्या आवाजात म्हणाल्या, "दुकानात नाही तर घरात विचारा. मी पान धरून ठेवलंय. पण छापखाना शुक्रवारपर्यंतच थांबेल."

मी उठलो. इतका अपमान आजवर झाला नव्हता. अर्धे मागायला गेलो आणि होते तेही घालवून आलो.

तसाच घरी गेलो. ताई कपडे वाळत घालत होती. अबोला धरला होता हे विसरून तिच्यावर ओरडलो, "ती बाई वेडी आहे! म्हणते हे ना भाऊजींनी केलंय ना मी. का, तर म्हणे ती वेलांटी कोणावर तरी वाकलीय!"

ताईच्या हातातली ओली चादर तशीच राहिली. "दिसली तिला?"

"काय दिसली?"

"वेलांटी. दिसली तिला ती?"

"अगं दिसणारच, केवढी मोठी आहे! मी सांगितलं त्यांना, चूक आहे म्हणून."

"तू चूक म्हणालास."

"मग काय म्हणू?"

चादरीतून पाणी गळत होते. ती म्हणाली, "आईचा आवाज शेवटी अगदी गेला होता. तू हॉस्टेलवर होतास. पाणी हवंय की खिडकी लावू, एवढं कळायलासुद्धा तिच्या तोंडापाशी कान न्यावा लागायचा."

मी मग स्वयंपाकघरातल्या टेबलाकडे पाहिले.

"म्हणजे रविवारी तू हिशोब..."

"कसला हिशोब रे? साबणाचा भाव किती वेळ लिहील माणूस?"

सायकलवाल्याची वेबसाइट? तिची. मुलांच्या दातांच्या दवाखान्याची पाटी? तिची. मी ज्यांच्यावर रोज रात्री इथे पानेच्या पाने टीका लिहिली आहे ती सगळी अक्षरे तिची. आणि ती रोज मला जेवायला वाढत होती!

"कधीपासून?" मी विचारले.

"लग्नानंतर एकदा त्यांना अडचण होती, मदत केली. मग सवय झाली."

"त्यांना?"

"दोघांनाही."

मी म्हणालो, आत्ता जातो आणि दुकानात सर्वांसमोर त्यांना विचारतो. बूटसुद्धा चढवले. ताई म्हणाली, "बूट काढ. फरशी ओली आहे. आणि हे माझं आहे, मला ठरवू दे."

बघा! अन्याय तिच्यावर झाला आणि बोलणी मला बसली, बुटांसाठी.

२० तारीख, गुरुवार

काल लिहिले नाही, हात उठला नाही. आज जे झाले ते जसेच्या तसे लिहितो.

सकाळी भाऊजी चहा घेत होते. ताईने सहज सांगावे तसे सांगितले, "मुखपृष्ठाच्या पानावर माझं नाव जाईल."

भाऊजी आधी हसले. मग माझ्याकडे पाहिले, मला वाटते मी चुगली केली असे समजून. मग म्हणाले, "अगं, घरातलं काम आहे. घरातल्या कामावर कोणी नाव टाकतं का? उद्या भाजीच्या पातेल्यावर सही करशील."

"पातेलं तुम्ही गिऱ्हाइकाला स्वतःचं म्हणून दाखवत नाही."

"लोक काय म्हणतील? इतकी वर्षं मी—"

"हो ना," ताई म्हणाली. "इतकी वर्षं."

एवढेच. आवाज चढला नाही, भांडे आपटले नाही. मला तर वाटले होते आज घरात आग लागेल, त्यासाठी मी मुद्द्यांची यादीही मनात तयार ठेवली होती. एकही वापरता आला नाही. भाऊजी कपात बघत बसले. कप रिकामा होता तरी बघत बसले. मला त्यांची दया येणार होती, पण मी येऊ दिली नाही.

ताईने माझ्याकडून बाईंचा नंबर घेतला आणि तिथेच, भाऊजींच्या समोर, फोन लावला. म्हणाली, "मी त्यांची बायको बोलतेय. नाही, निरोप नाही. मुखपृष्ठ मी केलंय." मग बराच वेळ नुसते ऐकत राहिली. एकदा म्हणाली, "माझी आई." पुन्हा ऐकत राहिली. तिचे डोळे भरले होते, पण आवाजात काही नव्हते. शेवटी तिने आपले नाव सांगितले, अक्षरे सुटी करून, पहिले अक्षर ऱ्हस्व आहे हेही सांगितले.

बाईंनी पुढचे नाव विचारले असावे. तिने भाऊजींकडे पाहिले. भाऊजींनी मान वर केली. मला वाटते ते वाट पाहत होते.

"आडनाव नको," ती म्हणाली. "बाबांचंही नको. पान लहान आहे."

हे मात्र मला अजिबात पटलेले नाही. ते पान मीच लावले आहे, मला त्याची मापे तोंडपाठ आहेत. पान मुळीच लहान नाही. नावापुढे भरपूर जागा आहे आणि खाली अर्धे पान कोरे पडले आहे.